पुढचा दात

दातांच्या डॉक्टरांकडून आलेल्या खोक्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती. ‘पुढचा दात आहे. धाकट्या बाईंनीच करावा.’ सकाळी लॅबचं कुलूप काढायचं काम थोरलीचं, त्यामुळे खोकं आधी तिच्याच हातात पडलं. तिनं चिठ्ठी वाचली, सुटलेला कोपरा अंगठ्यानं पुन्हा दाबून बसवला आणि खोकं धाकटीच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्या महिन्यातली ही चौथी चिठ्ठी होती.

दोघी सख्ख्या बहिणी. थोरली त्रेचाळीसची, धाकटी एकतीसची. थोरली एकोणीस वर्षं या लॅबमध्ये दात बनवत होती. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचा साचा पाठवायचे, त्यावरून आधी धातूची पातळ टोपी आणि मग तिच्यावर पोर्सिलेनचे थर भाजून दात तयार व्हायचा. धाकटी बटणांच्या कारखान्यात बटणं रंगवायची. पाच वर्षांपूर्वी तो कारखाना बंद पडला, तेव्हा थोरलीनंच मालकांकडे शब्द टाकला. "हात चांगला आहे तिचा, सर. मी शिकवीन," असं ती म्हणाली होती. आणि तिनं खरंच शिकवलं. प्लास्टरमध्ये पाणी किती घालायचं, ते घट्ट होताना गरम का लागतं, मेण कुठल्या उबेला मऊ होतं आणि कुठल्या उबेला वाहायला लागतं, ब्रशवर पावडर किती ओली घ्यायची, सगळं. पहिले सहा महिने तर धाकटीनं बिघडवलेले दात थोरली गुपचूप दुरुस्त करून ठेवायची.

लॅबचे मालक साठीचे, कमी बोलणारे. पण नवं माणूस आलं की एक धडा ते स्वतः द्यायचे, तसा धाकटीलाही दिला होता. त्यांनी एका हातात धातूची पट्टी घेतली आणि वाकवली. दुसऱ्या हातात पोर्सिलेनचा तुकडा घेऊन टेबलाच्या कडेवर आपटला. धातूतले अणू आपले काही इलेक्ट्रॉन सगळ्यांत मिळून ठेवतात, म्हणून ठोकलं तर ते जागेवरून सरकतात पण एकमेकांना सोडत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. काचेसारख्या पदार्थात प्रत्येक अणूचा हात ठरलेल्या शेजाऱ्याच्याच हातात असतो. सरकायची सोय नाही, म्हणून तो तुटतो. एक मजबूत पण काळपट, दुसरा देखणा पण ठिसूळ. आणि दात करायचा तर दोन्ही हवेत. मग ते दोन जोडायचे कसे? धातू भट्टीत तापवला की त्याच्यावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर धरतो. वर लावलेलं पोर्सिलेन वितळून त्या थरात मिसळतं, आणि तिथल्या ऑक्सिजनचा एक हात धातूकडे, दुसरा काचेकडे जातो. "सगळी गंमत त्या थरात आहे," मालक म्हणाले होते. "तो जाड झाला तरी सुटतो, मळला तरी सुटतो. त्यामुळे भट्टीतून निघालेल्या धातूला बोट लावायचं नाही. चिमट्यानंच उचलायचा."

थोरलीला हे पाठ होतं. एकोणीस वर्षांत तिचा एकही दात डॉक्टरांकडून तडकून परत आला नव्हता. हा तिचा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता.

पण धाकटीला वेगळंच काही साधलं होतं. ती दात नुसता पांढरा करत नसे. शेजारचे दात बघून ती कडेला थोडी पारदर्शक झाक ठेवायची, मध्येच एखादी केसासारखी रेघ ओढायची, पृष्ठभागावर खडबडीत उंचवटे ठेवायची. तोंडात बसला की कुठला दात खरा नि कुठला केलेला, हे डॉक्टरांनाही चटकन ओळखू येत नसे. तिसऱ्या वर्षापासून चिठ्ठ्या सुरू झाल्या. आधी ‘शक्य असल्यास धाकट्या बाई’, मग नुसतं ‘धाकट्या बाई’, आणि आता हा ‘च’. थोरलीकडे दाढा यायला लागल्या. दाढा कुणाला दिसत नाहीत.

तिनं हे एकदा नवऱ्याला बोलून दाखवलं. नवरा टपालखात्यात पत्रं निवडायच्या कामावर, सरळ माणूस. तो म्हणाला, तुझीच शिष्य आहे, तिचं कौतुक ते तुझंच. थोरलीनं मान हलवली आणि न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडला. आपलं कौतुक आणि दुसऱ्याकडून फिरून आलेलं कौतुक यांतला फरक या माणसाला कसा सांगायचा, तेच तिला कळेना. धाकटीला ताप आला की ती तिच्या घरी जाऊन डोक्यावर हात ठेवायची, औषध द्यायची, आणि परत येताना पुढचे दोन-तीन दिवस लॅबमध्ये आपणच असू या विचारानं तिची पावलं हलकी पडायची. हे तिचं तिलाच कळायचं आणि लाजही वाटायची. पण लाज वाटली म्हणून पावलं जड होत नव्हती.

त्या चौथ्या चिठ्ठीच्या दिवशी दुपारी रुग्ण बाई स्वतः लॅबमध्ये आल्या. बस आगारात गाड्यांच्या सूचना देणारा आवाज त्यांचा. थोरली रोज त्याच आगारात बस बदलायची, त्यामुळे त्यांनी दारात "आत येऊ का?" म्हणताच तिनं आवाज ओळखला. बाईंच्या तोंडात सध्या प्लास्टिकचा तात्पुरता दात होता. रंग जुळवायला त्यांना खिडकीपाशी बसवलं. बसता बसता त्यांनी पर्समधून कागदाची पुडी काढून टेबलावर उलगडली.

"हा माझा जुना दात. सहा वर्षं वापरला," त्या म्हणाल्या. "काही झालं नाही त्याला. पण खरं सांगू का, तो कधी माझा वाटलाच नाही. फोटोत कुणी दुसरीच बाई माझ्या तोंडातून हसतेय असं वाटायचं. आता हिरडी वर सरकली नि काळी कड दिसायला लागली, तेव्हा म्हटलं बदलूनच टाकू."

पुडीत थोरलीनं केलेला दात होता. डॉक्टरांनी काढताना तो मधून कापला होता, पण कापतानासुद्धा पोर्सिलेन धातूला सोडून निघालं नव्हतं. थोरलीनं आपल्या टेबलावरूनच ते बघितलं. धाकटीनंही बघितलं. कुणाच्या हातचा आहे हे तिला सांगायची गरज नव्हती. तिनं पुडी हळूच मिटली, बाजूला सारली आणि विषय बदलला. खरं तर तिनं बहिणीची लाज राखली होती. पण थोरलीला वाटलं, ही गप्प बसून मजा बघतेय.

तासभर धाकटी आणि बाई खिडकीत बसल्या होत्या. धाकटी बाईंचे दात निरखत वहीत चित्र काढत होती, मध्येच त्यांना ‘स’ आणि ‘श’ म्हणायला लावत होती, आणि बाई हसत होत्या. थोरली एका दाढेला पॉलिश करत होती. दाढ कधीच गुळगुळीत झाली होती, तरी ती घासतच राहिली.

दोन दिवसांनी धाकटीनं धातूची टोपी ओतली, घासली, साफ केली आणि भट्टीत घातली. बाहेर काढली तेव्हा तिच्यावर हवा तसा एकसारखा, मंद करडा थर आला होता. तिनं ती चिमट्यानं तबकात ठेवली. तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजला आणि ती उठून गेली. मालक बाहेर गेले होते.

थोरलीनं नुकताच डबा खाऊन हात धुतले होते आणि हाताला क्रीम चोळत होती. प्लास्टरनं कातडी फुटते म्हणून लॅबमध्ये सगळेच ते वापरत. ती उठली ते पाण्याची बाटली भरायला. निदान तिनं स्वतःला तसंच सांगितलं. धाकटीच्या टेबलापाशी ती थांबली, तबकात वाकून बघितलं, आणि त्या टोपीच्या पुढच्या बाजूवर उजवा अंगठा टेकवला. दाबला. उचलला. काही दिसत नव्हतं. मग तिनं बाटली भरली आणि जागेवर येऊन बसली.

धाकटी परत आली आणि कामाला लागली. पहिला थर लावताना तिनं एकदा भुवया आवळल्या, ब्रश पुसला आणि पुन्हा लावला. त्या वेळी थोरलीला सांगता आलं असतं. ‘अगं, चुकून माझा हात लागला, परत साफ कर,’ एवढंच. काम दोन तासांनी वाढलं असतं, बाकी काही नाही. ती बोलली नाही. संध्याकाळी दात पूर्ण झाला. धाकटीनं तो खिडकीच्या उजेडात धरला आणि सवयीनं विचारलं, "ताई, बघ गं, बरा झालाय ना?" तो फार सुंदर झाला होता. तो फुटावा असं थोरलीला वाटलं आणि तो आपण केलेला असावा असंही वाटलं. ती म्हणाली, "छान."

दात बसवला गेला. पाच आठवडे काही झालं नाही. रोज सकाळी आगारात थोरली फलाटावर उभी राहायची आणि कान देऊन ऐकायची. बाईंचा आवाज स्वच्छ यायचा, ‘स’ आणि ‘श’ नीट सुटे. एव्हाना तिला वाटायला लागलं होतं की भट्टीच्या आचेत सगळं जळून गेलं असेल, काही होणार नाही. यानं सुटका वाटली का निराशा, हे तिला धड सांगता आलं नसतं. सहाव्या आठवड्यात एका सोमवारी कर्ण्यातून एका पुरुषाचा आवाज आला. मंगळवारीही तोच आला. बुधवारी डॉक्टरांचं खोकं आलं. आत दात, आणि वेगळ्या कागदात त्याचा फुटलेला तुकडा.

मालकांनी दोन्ही भिंगाखाली धरले. पोर्सिलेन आतल्या आत फुटलं असतं तर धातूवर पांढरा थर शिल्लक राहिला असता, असं त्यांनी दोघींना दाखवलं. इथं धातू उघडा पडला होता. म्हणजे पोर्सिलेन तिथं धातूला कधी जोडलंच गेलं नव्हतं, नुसतं टेकून राहिलं होतं. तुकड्याच्या आतल्या बाजूला बारीक बुडबुड्यांचा पुंजका होता. "तेलकट काहीतरी लागलंय," ते म्हणाले आणि धाकटीकडे बघितलं. धाकटी लाल झाली. माझ्याकडूनच झालं असणार, म्हणाली. आपण फोनला उठलो होतो, परत येऊन हात धुतले नसतील, घाई केली असेल. नसलेली चूक ती एकेक करून स्वतःच्या पदरात घालत होती, आणि थोरली शेजारी उभी राहून ऐकत होती.

पहिले दोन दिवस थोरलीला खरंच बरं वाटलं. ते नाकारण्यात अर्थ नाही. डॉक्टरांचा निरोप आला की आता हा दात मोठ्या बाईंनी करावा, त्यांचे टिकतात. तो निरोप मालकांनी मोठ्यानं वाचून दाखवला. त्या दिवशी पॉलिश करताना ती गुणगुणत होती.

मग धाकटीचे हात बिघडले. आपल्या बोटांवरचा तिचा विश्वासच उडाला. धातू ती तीन-तीनदा साफ करायची, भट्टीतून काढलेली टोपी पुन्हा आत घालायची. थर जास्त तापून जाड व्हायचा आणि सगळं पहिल्यापासून करावं लागायचं. ज्या कामाला तिला एक दिवस लागायचा त्याला तीन लागायला लागले. एका दुपारी ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, "बटणंच बरी होती. सुटली तर शिवता तरी येतात." थोरलीला हसू आलं नाही.

त्याच आठवड्यात थोरलीनं बाईंचा दात करायला घेतला. धाकटीसारखा करायचा असं तिनं ठरवलं होतं. एक केला, तो पूर्वीसारखाच झाला, नीटनेटका आणि परका. दुसऱ्यात रेघा ओढल्या, त्या शाईच्या डागांसारख्या दिसल्या. ती तिसऱ्याची पावडर कालवत होती तेव्हा धाकटी आपली वही घेऊन तिच्या टेबलापाशी आली. पान उघडलं. बाईंच्या शेजारच्या दातांचं मोठं चित्र होतं. कुठे पारदर्शक, कुठे रेघ, कुठे किंचित राखाडी, सगळ्याला बाण आणि बारीक अक्षरात टिपण.

"ताई, यावरून कर," ती म्हणाली. "तुझा जोड पक्का असतो. रंग कुठे काय तो मी शेजारी बसून सांगते. त्या बाईंना पुन्हा त्रास नको."

थोरली पावडर कालवतच राहिली. मग तिनं ब्रश खाली ठेवला.

"तुझ्या हातून काही झालं नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"तू फोनला गेलीस तेव्हा मी त्या टोपीवर अंगठा लावला. क्रीमचा. मुद्दाम."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. तिनं उघडी वही टेबलावर ठेवली. मग तिनं विचारलं, "पुढच्या बाजूला?"

"हो."

"नुसता टेकवलास की दाबलास?"

"दाबला."

"म्हणजे माझं सगळं बरोबर होतं," धाकटी म्हणाली. तिनं आपले दोन्ही हात पुढे धरून बघितले, जणू कुणाकडे ठेवायला दिलेली वस्तू परत मिळाली होती. चेहरा क्षणभर मोकळा झाला. मग राग आला, आणि तो आला तसा तिचा आवाज आणखी खाली गेला. "सहा महिने तू माझे बिघडलेले दात दुरुस्त करून ठेवायचीस. मला तेव्हाच कळलं होतं. मी घरी जाऊन रडायचे, आपल्याला अशी बहीण आहे म्हणून." तिनं वही मिटली आणि छातीशी धरली. "सरांना मी सांगणार नाही. तू सांगायचंस. आज."

थोरलीनं कारण सांगायचा प्रयत्न केला. चिठ्ठ्या, तो ‘च’, पुडीतला जुना दात. सांगताना तिचं तिलाच ते इतकं लहान वाटलं की ती मध्येच थांबली. धाकटीनं पुढचं विचारलं नाही.

चार वाजता मालक आले. थोरलीनं उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी भिंगाची काच पुसून ते खणात ठेवलं. मग म्हणाले की तुम्हाला काढून टाकणार नाही, पण पोर्सिलेनला तुम्ही आता हात लावायचा नाही. उद्यापासून प्लास्टर आणि मेण. डॉक्टरांना लॅबची चूक झाली असं ते स्वतः कळवतील, नाव घेणार नाहीत. "तुमच्यासाठी नाही," ते म्हणाले. "तिच्या नावाला डाग नको म्हणून."

आगारातल्या बाईंचा दात धाकटीनंच पुन्हा केला. तो टिकला. दहा दिवसांत कर्ण्यातला आवाज पूर्ववत झाला. थोरली तो ऐकत रोज बस बदलायची आणि जाऊन प्लास्टर कालवायची, नुकत्याच कामाला लागलेल्या नवख्या मुलीसारखी. दोघींची टेबलं शेजारी होती, पण धाकटीनं आपल्या तबकावर काचेचं झाकण आणून ठेवलं होतं आणि उठताना न चुकता ती ते घालायची. बोलणं व्हायचं ते कामापुरतं. भट्टी रिकामी आहे का, साचा वाळला का. घरी आईसमोर दोघी व्यवस्थित वागायच्या. आईला काही कळलं नाही, किंवा कळलं असेल तरी तिनं विचारलं नाही.

थोरलीचा मत्सर गेला असं मात्र झालं नाही. चिठ्ठी आली की तो अजून तसाच उसळून यायचा. फक्त आता तो ओळखीचा झाला होता, आणि तो आला की ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची.

आठ महिन्यांनी डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातच छोटी लॅब काढली आणि धाकटीला बोलावलं. शेवटच्या दिवशी तिनं आपले ब्रश कापडात गुंडाळले, मालकांच्या पाया पडली, आणि थोरलीपाशी येऊन जरा थांबली. "येते, ताई," म्हणाली. थोरली म्हणाली, "ये."

पुढच्या आठवड्यात मालकांनी थोरलीला परत पोर्सिलेनवर घेतलं, कारण दुसरं कुणी नव्हतंच. इतर दवाखान्यांचे पुढचे दातही आता तिच्याकडेच यायला लागले. खोक्यावर चिठ्ठ्या नसत. इतकी वर्षं तिला जे हवं होतं ते सगळं तिच्या टेबलावर येऊन पडलं होतं, आणि शेजारचं टेबल मोकळं होतं.

पहिलाच दात एका सत्तरीच्या गृहस्थांचा आला, वरचा. थोरलीनं धातूची टोपी केली, भट्टीतून काढली, पहिला थर भाजला. मग रंगापाशी येऊन अडली. या वयाचा दात नवा कोरा दिसून चालणार नाही एवढं तिला कळत होतं. पण जुना दिसायला हवा म्हणजे काय करायचं, ते कळत नव्हतं. पूर्वी ती सरळ पांढरा करून मोकळी झाली असती. बराच वेळ बसून शेवटी तिनं फोन घेतला आणि बहिणीला लिहिलं, ‘सत्तर वर्षांचे गृहस्थ आहेत. कड झिजलेली दाखवू का? किती?’

उत्तर लगेच आलं नाही. थोरलीनं ब्रश धुतले, टेबल पुसलं, मालकांना चहा नेऊन दिला. तासाभरानं फोन वाजला. धाकटीनं लिहिलं होतं, ‘आधी त्यांचे खालचे दात बघ. ते जिथे घासलेत तेवढीच वरची कड.’ पुढे काही नव्हतं, ना ताई, ना कशी आहेस.

थोरलीनं खोक्यातून खालच्या दातांचा साचा काढला आणि खिडकीत नेऊन बघायला लागली.